सड्यावर घर बांधताना जनरेटर: केवढा घ्यावा, कसा चालवावा?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) छोटं घर बांधतोय, जोतं झालंय. विजेचा खांब प्लॉटपासून बराच लांब आहे. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज दिलाय, पण पावसाआधी लाइट येईल असं कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. गवंडी, प्लंबर, फॅब्रिकेटर, जो येतो तो आधी हेच विचारतो, "लाइटची सोय काय?" म्हणून पेट्रोलवरचा जनरेटर घ्यावा म्हणतो.

चालवायचं ते असं: ४ इंची ग्राइंडर (८५० वॅट), हॅमर मशीन (८०० वॅट), टाइल कटर (१३०० वॅट), लोखंड कापायचा १४ इंची चॉपसॉ (२२०० वॅट), विहिरीवरची १ एचपीची मोटार आणि छपराच्या ट्रससाठी वेल्डिंग मशीन. स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटरही लागेल. दुकानदार म्हणतो, "२.८ केव्हीए न्या, सगळं चालतं."

खरंच चालतं का? आणि रात्री वस्तीला येणाऱ्या कामगारांच्या जुन्या खोलीतले दोन दिवे-पंखे याच्यावरच घ्यायचेत. ते कसं जोडायचं?

शून्य_अँपिअर

दुकानदाराच्या "सगळं" मध्ये काय काय येतं ते त्यालाच विचारा. :)

आधी प्लेट वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा कमाल आकडा, म्हणजे काही मिनिटं झेपेल एवढा. सलग चालवायचा आकडा त्याखाली "रेटेड" म्हणून बारीक अक्षरात असतो. हिशेब त्याच्यावर करायचा. सोबत पॉवर फॅक्टर (केव्हीएतला किती भाग खरे वॅट म्हणून मिळतो तो आकडा) बघा. ०.८ असेल तर २.५ केव्हीए म्हणजे २ किलोवॅटच. लहान पेट्रोल मशीनवर तो बऱ्याचदा १ धरलेला असतो, मग केव्हीए आणि किलोवॅट एकच. आणि रेटेडलाही कडेलोटापर्यंत नेऊ नका, पाऊण भाराच्या आसपास मशीन सुखी असतं.

आता तुमची यादी. वॅटची नुसती बेरीज करून उपयोग नाही, यंत्र सुरू होताना किती ओढतं ते महत्त्वाचं. ग्राइंडर, हॅमर, टाइल कटर यांना कार्बन ब्रशवाली मोटार असते. त्या सुरू होताना उसळी घेतात, पण क्षणभर, आणि तेव्हा पातं मोकळं फिरत असतं. २.८ वर या तिघांपैकी कुठलंही एक आरामात चालेल. चॉपसॉ सुरू होताना झटका देतो, २.८ वर इंजिन दबकेल.

खरी मेख विहिरीच्या मोटारीत आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे खरं, पण ते शाफ्टवरचे. सिंगल फेज मोटार चालताना साधारण ६-७ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या चार-सहा पट. म्हणजे क्षणभर ३० अँपिअर किंवा जास्तच. २.८ कमाल म्हणजे रेटेड धरा २.५, ते मशीन जेमतेम ११ अँपिअरचं. मग व्होल्टेज कोसळतं, मोटार नुसती हुंहुं करत बसते, फिरत नाही, आणि वायंडिंग तापतं. ती हुंहुं ऐकू आली की दोन-तीन सेकंदांत बंद करायची, "घेईल आता" म्हणत उभं राहायचं नाही. १ एचपीच्या मोटारीला निदान ३ केव्हीए, खोल विहीर असेल तर त्याहून जास्त.

वेल्डिंगचं वेगळं प्रकरण आहे, त्यावर जाणकार बोलतीलच.

घाटावरचा

आमच्याकडे २ केव्हीएवर १ एचपीची मोटार चालते. उगाच घाबरवू नका लोकांना.

शून्य_अँपिअर

चालत असेल. मोनोब्लॉक (पंप-मोटार एकत्र) असेल, पाणी वरच असेल, कपॅसिटर नवा असेल. एकदा मल्टिमीटर लावून सुरू करतानाचं व्होल्टेज बघा आणि इथे लिहा.

वेल्डर_इचलकरंजी

वेल्डिंगचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

२.५ मिमीच्या रॉडला ९०-१०० अँपिअर लागतात. १०० अँपिअरला आर्कवर साधारण २४ व्होल्ट, म्हणजे २४०० वॅट नुसते आर्कमध्ये. मशीनमधलं नुकसान धरलं की ३ किलोवॅट इनपुट. साध्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास, म्हणून जनरेटरकडून ४ केव्हीएच्या वर मागणी. ३.१५ चा रॉड लावला तर अजून वाढली. त्यामुळे ५ केव्हीएच्या खाली वेल्डिंगचा विषयच नको. "२०० अँपिअरचं मशीन २.८ वर चालतं" असे व्हिडिओ दिसतात. बारीक रॉड, कमी अँपिअर लावून एक टाका मारून दाखवतात. ट्रस तसा होत नाही.

जनरेटर घेताना एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) आहे का विचारा, आणि वेल्डिंग मशीनच्या पुस्तकात जनरेटरवर चालवायची परवानगी आहे का तेही बघा. काही इन्व्हर्टर मशीनचे बोर्ड जनरेटरच्या वरखाली होणाऱ्या व्होल्टेजला उडतात, आणि मग वॉरंटीवाला हात वर करतो.

माझं ऐकाल तर ट्रस वर्कशॉपमध्येच बनवून घ्या, भोकं तिथंच पाडून घ्या, साइटवर नटबोल्टनं आवळा. चार टाके मारायचे उरले तर एका दिवसासाठी मोठा डिझेल सेट भाड्यानं आणा. वर्षातून चार दिवसांच्या वेल्डिंगसाठी ५ केव्हीए विकत घ्यायचा, मग तोच मशीन रोज एका ड्रिलसाठी भडभडवायचा, हे पेट्रोल जाळणं झालं.

गवंडीपुत्र

स्लॅबच्या दिवसाची काळजी सोडा. मिक्सर बहुधा डिझेल इंजिनवरच येतो, व्हायब्रेटरही पेट्रोल इंजिनचा मिळतो, कंत्राटदाराला सांगून ठेवा. स्लॅब अर्ध्यावर असताना जनरेटर बसला तर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला न जुळलेला सांधा) पडतो, आणि त्याची गळती पुढं सगळे पावसाळे सोबत करते. त्या दिवशी विजेवर भिस्त ठेवूच नये.

करवंद

आकडेमोड छान चाललीय, पण कुणीच धुराबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते.

मी श्रीवर्धनकडची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्याकडे लाइट जी गेली ती आठवडेच्या आठवडे. मुंबईहून लोकांनी जनरेटर पाठवले, कुणी भाड्यानं आणले. आमच्या वाडीत एका घरी पडवीत ठेवला होता. बाहेर पाऊस, मशीन भिजेल म्हणून आत घेतलेला. पडवीला तीन बाजूंनी ताडपत्री बांधलेली, कौलं उडाली होती ना. टाकीत पाणी चढवायला तासभर चालवला. आतल्या खोलीत आजी आणि नात झोपल्या होत्या. आजी उठून म्हणाल्या, डोकं फार दुखतंय, मळमळतंय. सगळ्यांना वाटलं दगदग, उपास, पित्त. नातीला उठवायला गेले तर ती नीट उठेना, मान टाकत होती. कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, दोघींना उचलून अंगणात आणलं, जनरेटर बंद केला. तासाभरानं मुलगी बोलायला लागली. दवाखान्यात न्यायलाही रस्ता नव्हता, झाडं आडवी पडलेली.

धूर दिसत नव्हता, वासही फारसा नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, म्हणून मोकळ्या हवेत आणल्यावरही लगेच उतरत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी, आणि एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम झाली तर पित्ताच्या गोळ्या शोधू नका. आधी बाहेर पडा, मग दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना "जनरेटर चालू होता" हे आवर्जून सांगा.

तुमचे कामगार जुन्या खोलीत झोपणार म्हणताय. जनरेटर खोलीपासून निदान २० फूट लांब, धुरांड्याचं तोंड खोलीच्या उलट दिशेला, आणि वारा कुठून येतो ते बघून. पडवी, बंद गोठा, जिन्याखालची जागा, तळघर, अर्धं शटर उघडलेलं गॅरेज यातलं काहीही चालणार नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही.

ह्यूस्टनकर

करवंदताईंशी शंभर टक्के सहमत. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानं आमच्या भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज घालवली. वादळातून सुखरूप राहिलेली माणसं नंतर जनरेटरच्या धुरानं दवाखान्यात पोचली, काही दगावलीही. इथे आता नव्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर येतो, पातळी वाढली की इंजिन आपोआप बंद. भारतात तसं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. शिवाय खोलीत बॅटरीवरचा वेगळा अलार्म लावा, तो तिकडेही ऑनलाइन मिळतो.

जाता जाता: इकडून कुणी नातेवाईक "आमचा पडून आहे, घेऊन येतो" म्हणाला तर नको म्हणा. इथला जनरेटर १२०/२४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. तुमची मोटार २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची.

सड्यावरचा

करवंदताई, वाचून अंगावर काटा आला. जागा बदलतो. मशीन प्लॉटच्या खालच्या अंगाला, काजूच्या झाडांपलीकडे ठेवतो. पण मग ५० मीटर वायर ओढावी लागेल. पिवळी-काळी साधी एक्स्टेंशन चालेल?

आणि एक. वायरमन म्हणाला, "दोन्ही बाजूंना टॉप (प्लग) लावलेली वायर देतो. एक टोक जनरेटरला, दुसरं खोलीतल्या सॉकेटला, अख्खी खोली पेटते." त्या खोलीत जुन्या घराच्या मीटरवरून लाइन आलेली आहे, पण डीपी जळाल्यापासून बंद आहे.

खांबावरचा

अजिबात नाही. थांबा.

माझे वडील लाइनमन होते, मीही याच खात्यात आहे. दोन्ही बाजूंना टॉप असलेल्या त्या वायरीचं एक टोक सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्यावर २३० व्होल्ट घेऊन बसलेल्या असतात. हा झाला तुमचा आणि तुमच्या पोराबाळांचा धोका.

आमचा वेगळा. तुम्ही सॉकेटमधून दिलेला करंट मीटरमधून उलटा लाइनवर जातो. लाइनवरून डीपीवर. डीपीचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला खालून वीज मिळाली तर तो मुकाट्यानं उलटंही करतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. वर पोरगा चढलेला असतो. सबस्टेशनवरून परमिट घेतलेलं, फ्यूज काढलेले, त्याच्या हिशेबानं लाइन मेलेली. आणि खाली कुणाच्या तरी घरी जनरेटरवर टीव्ही चालू असतो. म्हणून आम्ही लाइन शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय हात लावू नये असा नियम आहे. पण वादळात, रात्री, चार गावांचे फोन येत असताना नियम किती पाळला जातो ते मी इथे लिहीत नाही.

"मेन स्विच पाडतो ना आधी" हे उत्तर मला रोज मिळतं. एक दिवस विसरतं. किंवा तुम्ही नसता आणि कामगार सुरू करतो. तुमची डीपी आज जळालेली आहे, म्हणजेच तिथं कधीही कुणीतरी चढणार आहे.

खोलीत लाइट द्यायचाच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन पोलचा. त्यात लाइन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. लायसनवाल्या ठेकेदाराकडून बसवा आणि कार्यालयात लेखी कळवा. नाहीतर दोन बल्ब आणि एक पंखा सरळ एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, खोलीच्या वायरिंगला हातच लावू नका. दोन दिव्यांसाठी तेच बरं.

सड्यावरचा

वायरमनला "नको" म्हणून सांगितलंय. एक्स्टेंशनवरच घेतो दिवे.

शून्य_अँपिअर

वायरीचा हिशेब. ५० मीटर म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर तांबं. बाजारातली स्वस्त पिवळी बऱ्याचदा ०.७५ चौ. मिमीची असते, तिचा रोध होतो २.६ ओहम. १० अँपिअरला २६ व्होल्ट वायरीतच गेले, हत्यारापर्यंत पोचेपर्यंत २०४ उरले. १.५ चौ. मिमीला १३ व्होल्ट जातात, २.५ ला ८. मोटार सुरू होताना ३० अँपिअर लागले की हे आकडे तिप्पट करा. म्हणजे ०.७५ च्या वायरीवर मोटार सुरू होणारच नाही, जनरेटर केवढाही आणा. २.५ चौ. मिमी, तीन कोअर, रबरी आवरणाची घ्या. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळीत उष्णता बाहेर पडत नाही, आवरण वितळतं.

मोटारीसाठी मात्र उलटा विचार करा. जनरेटर विहिरीजवळ न्या आणि पाणी पाइपनं आणा. चाकांचा घ्या.

घाटावरचा

अर्थिंगचं काय? आमचा वायरमन एक खिळा ठोकतो, त्याला वायर गुंडाळतो, झालं.

शून्य_अँपिअर

या खिळ्यावर बरंच बोलण्यासारखं आहे.

लहान पोर्टेबल जनरेटरच्या वायंडिंगचा न्यूट्रल बहुतेकदा बॉडीला जोडलेला नसतो. तो "तरंगता" असतो. अशा मशीनवर एकच ग्राइंडर चालवला आणि त्याच्या फेजला चुकून हात लागला, तरी करंटला मशीनकडे परत जायची वाट नसते. त्यामुळे सहसा झटका बसत नाही. लोकांना वाटतं जनरेटरची वीज "सौम्य" असते. मग दुसरं यंत्र जोडतात, त्याची न्यूट्रल वायर कुठेतरी सोललेली, ओल्या जमिनीला टेकलेली. आता वाट तयार झाली. आता फेजला हात लागला तर पूर्ण २३०.

यातली खुबी अशी की तुम्ही काळजी म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलीत तरी तरंगत्या न्यूट्रलवर पहिल्या दोषाला ती पडत नाही, कारण गळती जमिनीतून परत यायलाच हवी आणि ती येत नाही. टेस्टचं बटण दाबलं तर मात्र पडते. बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये रेझिस्टर जोडतं, त्याला अर्थिंगशी देणंघेणं नसतं. बटणावर भरवसा ठेवून लोक निवांत राहतात.

म्हणून एक-दोन हत्यारंच चालवायची असतील तर: दुहेरी इन्सुलेशनची हत्यारं (चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं), थ्री पिन टॉपची तिसरी पिन शाबूत, त्यातून हत्याराची बॉडी जनरेटरच्या बॉडीशी जोडलेली, वायर सोललेली नको. एवढ्याला रॉड ठोकायची गरज नसते. पण जास्त यंत्रं, वाटपाचा बोर्ड, किंवा चेंजओव्हरवरून घर घेणार असाल तर न्यूट्रल मशीनपाशी एकाच जागी बॉडीला आणि अर्थला जोडावा लागतो, आणि मग आरसीसीबी खरं काम करते. हे मशीनचं पुस्तक बघून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून. इन्व्हर्टर टाइप जनरेटरमध्ये तर पुस्तक न बघता न्यूट्रल जोडूच नका.

आणि सड्यावर रॉड जाणार कुठे? खाली जांभा. खणून मातीचा कप्पा शोधा, विहिरीच्या ओलाव्याजवळ असेल तर उत्तम, नाहीतर कोळसा-मीठ घालून खड्डा करावा लागेल.

खांबावरचा

+१. आणि पावसात ओल्या हातानं टॉप काढणं-घालणं बंद. मशीनवर छप्पर हवं तर चार बांबू आणि वर पत्रा, बाजू सगळ्या मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळू नका, तापून पेटेल.

बुलेटराजा

इंजिनवाले कुणी बोलले नाहीत म्हणून माझे दोन पैसे.

पेट्रोल भरताना इंजिन बंद, आणि बंद केल्यावर गार होऊ द्या. सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल भडकायला ठिणगी लागत नाही. हे कामगाराला बजावून सांगा, कारण काम ऐन रंगात असताना टाकी संपते आणि "चालू ठेव, ओततो" असं हमखास होतं. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत, बरोबर करतात. धातूचा झाकणाचा कॅन ठेवा, मशीनपासून लांब, सावलीत.

आता सगळीकडे ई२० (२० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे. इथेनॉल ओलावा ओढतं, कोकणच्या हवेत तर विचारू नका. काम महिनाभर थांबणार असेल तर टाकी रिकामी करा, मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. नाहीतर जेट चिकटतो आणि मेकॅनिक हजार रुपये घेतो. ऑइल पहिल्यांदा २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी.

सुरू करताना भार काही जोडायचा नाही. दोन-तीन मिनिटं स्थिर होऊ द्या. आधी सगळ्यात मोठं यंत्र, मग लहान. बंद करताना उलट.

खर्चाचं: २ केव्हीएच्या आसपासचं मशीन पूर्ण भाराला तासाला लिटरभर तरी पितं आणि पावणेदोन-दोन युनिट देतं. पेट्रोल शंभरीपार, म्हणजे युनिटला पन्नास-साठ रुपये पडले. म्हणून मशीन चालू असताना कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या, मोबाइल, सगळं एकदम चार्ज करून घ्या आणि बंद करा.

थंडहवेतला

महाबळेश्वरवाल्यांसाठी तळटीप: साधारण दर ३०० मीटर उंचीला इंजिनची ताकद साडेतीन टक्क्यांनी उतरते. १३५० मीटरवर १५-१६ टक्के गेले. २.८ इथे २.४ च राहतं. दापोलीत फरक पडणार नाही.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: रोजच्या कामाला ३.५ रेटेडचा एव्हीआरवाला, चाकांचा. ट्रस खेडच्या वर्कशॉपमध्ये बनणार. वेल्डिंगच्या दिवशी भाड्याचा डिझेल. वायर २.५ ची.

मशीन आज आलं. पण दोरी ओढून ओढून खांदा भरला, सुरू होत नाही. चोक ओढलाय, कॉक उघडा आहे, पेट्रोल आहे. फटफट करतं आणि मरतं. दुकानदार फोन उचलत नाही.

बुलेटराजा

ऑइल घातलंत का? नवं मशीन कोरडं येतं.

सड्यावरचा

घातलंय, पुस्तकात लिहिलंय तेवढं.

बुलेटराजा

जमीन तिरपी आहे का? ऑइल कमी असलं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. मशीन कललं की ऑइल एका बाजूला जातं आणि त्याला वाटतं ऑइल संपलं. ठिणगीच तोडतो.

सड्यावरचा

खालच्या अंगाला उतार आहेच. एका बाजूखाली दोन चिरे घालून लेव्हल केलं. तिसऱ्या दोरीला सुरू झालं. चॉपसॉ लावला, सुरू होताना २०५ पर्यंत खाली गेलं आणि लगेच २२६. मोटारीचं उद्या बघतो.

घाटावरचा

मी मल्टिमीटर लावला. सुरू करताना १४८ दाखवतं. कपॅसिटर बदलू का जनरेटर?

शून्य_अँपिअर

आधी कपॅसिटर, स्वस्त आहे. काढण्याआधी डिस्चार्ज करा.